आधी पेटी, मग तेल

शरणक्का नसत्या तर मी आज माझ्या गावी, चिंताकीला, दोर वळत बसलो असतो. हे आधीच लिहून टाकतो. नंतर लिहिण्याच्या भरात माझं शहाणपण मध्येच डोकं वर काढतं आणि त्यांचं नाव मागे पडतं. एकदा तसं झालेलं आहे, आणि ते झालं तेव्हा मी तिथेच उभा होतो, तोंड मिटून.

शरणक्का मूळच्या मुडबीच्या. गुलबर्ग्यात मालीश करून पोट भरायच्या. आमच्या दवाखान्यासमोर एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली त्यांची बाज, करडईच्या तेलाचं मडकं आणि कंबर धरलेल्या, मान आखडलेल्या लोकांची रांग. रस्त्याच्या अलीकडे रंगराव डॉक्टरांचा दवाखाना, आणि त्यात वीजपेटी फिरवणारा मी. निजामाचं राज्य तेव्हा अजून चालू होतं. शहरात विजेचे दिवे आले होते, पण आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते. आमच्याकडे वीज होती ती फक्त त्या पेटीत, आणि तीही मी फिरवली तरच.

आजकाल भिंतीत पिन खोचली की दुखऱ्या गुडघ्याला करंट लागतो. त्यामुळे ती पेटी काय होती हे थोडं सांगावं लागेल. शिसवी लाकडाची, टाइपरायटरएवढी पेटी. आत नालाच्या आकाराचं लोहचुंबक आणि त्याच्यापुढे तांब्याच्या तारेची दोन रिळं. बाहेर एक दांडा. दांडा फिरवला की रिळं फिरायची आणि वीज व्हायची. ती दोन तारांतून बाहेर यायची. तारांच्या टोकांना पितळी मुठी लावल्या तर रोग्याने त्या हातात धरायच्या, नाहीतर स्पंजाच्या दोन गाद्या मिठाच्या पाण्यात भिजवून दुखऱ्या जागी लावायच्या. मग मुंग्या येतात, स्नायू आपोआप उडतो, रक्त खेळतं, दुखणं हलकं होतं. झोपी गेलेल्या स्नायूला हाक मारायची पेटी, असं डॉक्टर म्हणायचे. गाव तिला झटक्याची पेटी म्हणायचं.

दांडा जितका जोरात तितका झटका मोठा. त्यामुळे फिरवणारा हात एकसारखा हवा. डॉक्टरांनी माझ्याआधी तिघांना ठेवून बघितलं होतं. एक जण रहाट ओढल्यासारखा फिरवायचा. दुसरा गप्पा मारायचा, आणि गप्पा रंगल्या की रोगी उडायचा. तिसऱ्याला पेटीचीच भीती वाटायची, तो तोंड फिरवून बसायचा. माझ्या घरी अंबाडीचे दोर वळायचं चाक होतं. दोर एकसारखा यायला चाक एकसारखं फिरावं लागतं. तेवढी एक विद्या माझ्याकडे होती. दुसरी नव्हती, कारण पंतोजींच्या शाळेत अडीचकीचा पाढा संपून औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, सुरू होणार त्याच आठवड्यात वडिलांनी मला त्या चाकावर बसवलं.

पण शिकलं ते वाया गेलं नाही. वेग चुकू नये म्हणून मी मनात बेचा पाढा म्हणायचो. एका ओळीला एक फेरा, हा साधा वेग. डॉक्टर म्हणाले, "माणिक, या आजींना निम्म्याने दे." मी म्हणालो, "म्हणजे निमकी." ते हसले, आणि तेव्हापासून आमच्या दवाखान्यात झटका पाढ्यांत मोजला जाऊ लागला. म्हाताऱ्यांना निमकी, बायकांना पाऊणकी, शेतकऱ्यांना सवायकी, हमालांना दीडकी, पैलवानांना अडीचकी. लोकही सरावले. "काल दीडकी लई झाली बघ, आज सवायकीवर ठेव," म्हणायचे. पेटी साडेतीनपटीनेही फिरू शकली असती, पण तो वेग मी कधी वापरला नाही. औटकी मला येत नव्हती.

मी मुळातला भित्रा. चिंताकीहून बिदर, बिदरहून विकाराबाद, विकाराबादहून वाडी आणि मग गुलबर्गा, एवढा प्रवास मी तीन गाड्या बदलून केला होता आणि तिन्ही वेळा चुकीच्या फलाटावर उभा होतो. नोकरी लागली तरी ती कधीही जाईल असं वाटायचं. डॉक्टर जरा खाकरले तरी मी वळकटी करून दाराशी ठेवायचो, आणि ते हसले की परत सोडायचो. त्यात औरादच्या एका घराने मला मुलगी द्यायचं कबूल केलं होतं, ते "पोरगा गुलबर्ग्यात विजेच्या कामावर हाय" एवढ्या एका वाक्यावर. चैत्रात लग्न होतं. नोकरी गेली की ते वाक्य जाणार, आणि वाक्याबरोबर मुलगी.

पहिलं वर्ष मात्र छान गेलं. एकदा कमलापूरकडचं एक म्हातारं जोडपं आलं. म्हातारीचा खांदा धरला होता. मी तिच्या हातात मुठी देणार, तोच म्हातारा पुढे झाला.

"दोन्ही कामून तिला? एक मूठ मी धरतो. निम्मं दुखणं माझ्याकडं येऊंद्या."

मी समजावलं, की वीज अशी वाटून घेता येत नाही. ऐकतो कुठं! त्याने एक मूठ धरली, तिने दुसरी. मी फिरवलं. काहीच झालं नाही, कारण वाट पुरी होत नव्हती. म्हातारा खूश. "बघ, काय न्हाई ते. उगं भ्यायलीस," असं म्हणून त्याने धीर द्यायला तिचा रिकामा हात धरला. त्याबरोबर दोघंही बाकावरून उडाले. हात सुटला, झटका बंद. त्याने पुन्हा हात धरला, पुन्हा उडाले.

म्हातारी म्हणाली, "आगं बया! लग्नात हात धरला तवा काय झालं न्हाई, आन् आता हे!"

ती महिनाभर येत राहिली. खांदा सुटला. म्हातारा रोज बरोबर यायचा, पण पार दारापाशी, हात पाठीमागे बांधून बसायचा.

आणि मग दिवाळी झाली, थंडी पडली आणि पेटी बसली.

म्हणजे मोडली नाही. मोडली असती तर बरं. डॉक्टरांनी मुठी धरल्या की त्यांना झटका लागायचा. मी धरल्या की मला लागायचा. रोग्याने धरल्या की काही नाही. "मुंग्यासुदिक न्हाईत जी," म्हणायचे. मी निमकीवरून दीडकीवर जायचो, दीडकीवरून अडीचकीवर. रोगी जांभई द्यायचा. एखाद्याला मध्येच लागायचा, तोही नको तेवढा. डॉक्टरांनी पेटी तीनदा उघडली, तारा घासल्या, चुंबक पुसलं, स्पंज बदलले. बरी असलेली पेटी आणखी किती बरी करणार!

गल्लीने निदान केलं: समोरच्या मालीशवालीने पेटीला दृष्ट लावली. तिची गिऱ्हाइकं पेटीने पळवली, मग ती गप्प बसेल का? मलाही ते पटलं. शरणक्का बाजेवर बसून तेलाचे हात पुसत आमच्याकडे बघायच्या आणि गालात हसायच्या. मी पेटीच्या खाली लिंबू-मिरची बांधली. डॉक्टरांना ती सापडली.

"माणिक, हे काय?"

"दिष्ट, साहेब."

"चुंबकाला दृष्ट लागते?"

"चुंबकाला न्हाई साहेब. मला लागली तर म्हणून."

डॉक्टरांनी लिंबू काढून सरबतात पिळलं. मिरची मला परत दिली.

त्याच सुमारास अमीनसाहेबांचा निरोप आला. अमीन म्हणजे तेव्हाचे पोलीस अंमलदार. त्यांच्या मिशीला बघून रस्त्यावरची गुरंसुद्धा बाजूला व्हायची म्हणतात. त्यांना लकव्याचा वारा लागला होता. तोंड उजवीकडे ओढलं गेलेलं, आणि डावा डोळा मिटतच नव्हता. झोपताना डोळ्यावर रुमाल बांधावा लागायचा. एका डोळ्याने झोपलेला आणि एका डोळ्याने बघणारा अमीन घरी असल्यावर घरच्यांचं काय होत असेल, याचा विचार करा. असल्या लकव्यावर पेटी खरोखर चालायची. गुरुवारी सकाळी येतो, असा निरोप होता.

डॉक्टर बुधवारी म्हणाले, "माणिक, मी कोणावर रागवत नाही. पण उद्या पेटी चालली नाही, तर ती हैदराबादला परत आणि तू चिंताकीला. मलाही कुठेतरी जावं लागेलच."

मी त्याच दुपारी वळकटी बांधली. यावेळी सुंभाने, गाठ मारून, कारण यावेळी सोडायची वेळ येईल असं वाटत नव्हतं. गुरुवारी उजाडताच ती दाराशी नेऊन ठेवली.

अमीनसाहेब आले. बरोबर एक जवान. साहेबांच्या चेहऱ्यावर नुसतं तेज होतं, शहाबादी फरशीवर ऊन पडावं तसं. मला वाटलं, मोठ्या माणसांचं असंच असणार. डॉक्टरांनी एक गादी मानेला बांधली, दुसरी लाकडी दांड्याची गादी गालावर टेकवली आणि मला खूण केली. मी पाऊणकीने सुरुवात केली.

"कुच बी नै हो रा," अमीनसाहेब वाकड्या तोंडाने म्हणाले.

सवायकी.

"नै."

दीडकी.

"अरे मियाँ, तुम घुमा रे या खाली बैठे?"

डॉक्टर म्हणाले, "जरा औषध बघून येतो," आणि गादी साहेबांच्याच हातात देऊन आतल्या खोलीत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. मी अडीचकीवर गेलो. काही नाही. मग तिच्याही पुढे गेलो. औटकी मला येत नव्हती, तरी हात औटकीत शिरला. पेटी गुणगुणायला लागली, टेबल हलायला लागलं, माझ्या कपाळावरून घाम गळायला लागला. अमीनसाहेबांचा न मिटणारा डोळा माझ्यावर रोखलेला.

"इसकू चौकी पे लेके जाव," ते जवानाला म्हणाले. "उधर घुमाने कू बहोत है."

तेवढ्यात समोरून हाक आली.

"ए तम्मा! आरं चिंताकीच्या! तोंड पूस त्याचं!"

लिंबाखाली शरणक्का उभ्या होत्या. मला त्या तम्माच म्हणायच्या, कानडीत धाकटा भाऊ. मी त्यांच्याकडे बघितलं, अमीनसाहेबांकडे बघितलं आणि आणखी जोरात फिरवायला लागलो. अमीनाचं तोंड पुसायचं? मी त्यांच्या चपलेला हात लावायला घाबरत होतो.

शरणक्का रस्ता ओलांडून सरळ आत आल्या. मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात फडकं बुडवलं, अमीनसाहेबांच्या हातातली गादी काढून घेतली, त्यांची हनुवटी धरली आणि तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं खसाखसा पुसलं. कानामागूनसुद्धा. साहेबांना इतकं नवल वाटलं की ओरडायचं सुचलंच नाही. फडकं पिवळं झालं. करडईचं तेल. चांगलं पावशेर असेल.

"आता लाव," असं म्हणून त्यांनी स्वतःच गादी गालावर दाबली.

आता, या सगळ्यात माझा हात थांबायला हवा होता. घाबरलेल्या माणसाचा हात थांबत नाही. मी तसाच औटकीत होतो.

अमीनसाहेबांचं अर्धं तोंड एकदम कानापर्यंत गेलं. डावी मिशी उभी राहिली. त्यांनी जो शब्द उच्चारला तो दिवाळी अंकात छापता येत नाही. तो ऐकून मी इतका दचकलो की हात आपोआप निमकीवर आला. आणि निमकीवर काय झालं, तर एका फेऱ्याला एकदा त्यांचा डावा डोळा मिटायला लागला. मिटला, उघडला. मिटला, उघडला. समोर शरणक्का.

"अय्या! बघा की," शरणक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अमीनसाहेब मला डोळा मारायलेत!"

जवान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

"मैं? आँख मारा मैं?" अमीनसाहेब गरजले, आणि बोलता बोलता थबकले. हळूच बोट डोळ्याकडे नेलं. पापणी खाली आली. "बंद हुई," ते म्हणाले. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "अरे, बंद हुई रे मेरी आँख!" आणि त्याच डोळ्यातून पाणी आलं. "रोको नक्को. घुमाव, घुमाव."

मी फिरवत राहिलो. बेचा पाढा मी मोठ्याने म्हणत होतो, हे मला नंतर कळलं.

आतली कडी निघाली. डॉक्टर बाहेर आले, सगळा देखावा बघितला, फडक्यावरचं तेल बघितलं. हुशार माणूस. एका क्षणात उमगलं त्यांना. तेलातून वीज जात नाही. हात तेलकट, गाल तेलकट, गुडघे तेलकट, मग पेटी चालणार कशी? आमच्या भागात दुखरा अवयव कोणाला दाखवायचा तर कोरडा दाखवत नाहीत. ज्याचा हात लागणार त्याला रखरख लागू नये, म्हणून तेल लावून जायचं. ही आमची रीत. पेटीचं नाव नव्हतं तोवर लोक असेच यायचे. तिला मान मिळाला तसे रीतसर तेल लावून यायला लागले. दिवाळीच्या अभ्यंगापासून तर सगळेच. आमच्या पेटीला लोकांच्या सभ्यपणाने बंद पाडलं होतं.

"कोणाच्या लक्षात आलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण शरणक्का आधी बोलल्या.

"ह्याच्याच की. मला म्हणला, अक्का, तेवडं तोंड पुसून द्या, माजे हात गुतलेत. मी पुसलं."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास माणिक! इतक्या दिवसांत मला सुचलं नाही ते तुला सुचलं." अमीनसाहेबही म्हणाले, "होशियार है पोट्टा." आणि मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय. विनय कसला? नोकरी वाचली होती, चैत्र वाचला होता, आणि खरं बोललो तर दोन्ही पुन्हा निसटतील अशी भीती होती.

संध्याकाळी लिंबाखाली गेलो. विचारलं, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"माज्याकडनं गेलेल्याला तुजा झटका लागंना. कोरड्यानं आला त्याला लागतो. यंत्र एकच, मानसं दोन तऱ्हेची. त्यात काय कळायचंय? आठ दिस झाले मला कळून."

"आठ दिवस? मग सांगितलं कामून न्हाई?"

"तू लिंबू बांदलास ना माज्या नावानं? म्हनलं, बघूं तरी लिंबू काय करतंय." त्या हसल्या. मग तेलाचा हात बाजेला पुसत म्हणाल्या, "आज दाराशी वळकटी दिसली. सुंभानं बांदलेली. रोजची नुसती गुंडाळलेली असती. म्हनलं, हे पोरगं खरंच जायलाय."

माझी वळकटी ती बाई रोज बघत होती. डॉक्टरांनीसुद्धा कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मराठी, कानडी आणि उर्दूत पाटी लावली: तेल लावून येऊ नये. लोकांनी ती पाळली. एक जण तूप लावून आला. एक पैलवान लोणी लावून आला आणि म्हणाला, "पाटीवर तेल लिहिलंय." शेवटी डॉक्टरांनी शरणक्कांना बोलावून नियम ठरवला: आधी पेटी, मग तेल. आमच्याकडे झटका घ्यायचा, मग रस्ता ओलांडून मालीश. रोगी दुपटीने बरे व्हायला लागले, आणि शरणक्कांच्या बाजेपुढची रांग आमच्यापेक्षा लांब झाली. चैत्रात माझं लग्न झालं. बायकोला पहिल्याच आठवड्यात पेटी दाखवली. ती म्हणाली, "एवढंच?"

अमीनसाहेब पुढे कितीतरी वर्षं आमच्या दारावरून जाताना मुद्दाम डावा डोळा मिटून दाखवायचे. नवख्या माणसांचे त्यामुळे बरेच गैरसमज झाले.

मग राज्य बदललं. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. जाताना पेटी त्यांनी मला दिली. मी सोलापूरला आलो, पिनेच्या यंत्रांवर शिकलो, त्यावरच निवृत्त झालो. पण दवाखाना बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात शरणक्का दवाखान्यात आल्या होत्या, गिऱ्हाईक म्हणून, पहिल्यांदाच. "तम्मा, लोकांचे खांदे चोळून माजाच खांदा दुखायलाय. तुजी पेटी लाव की एकदा." बाहेर रांग होती. मी म्हणालो, "उद्या या अक्का." दुसऱ्या दिवशी मुडबीहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला आणि त्या गावी गेल्या. मला दुपारी कळलं.

त्याला आता खूप वर्षं झाली. त्या मुडबीलाच आहेत, अजून गावातली बाळं न्हाऊ घालतात, असं तिकडून येणारे सांगतात. सोलापुराहून उमरग्यावरून मुडबीजवळच्या कल्याणची बस आहे. मी तीनदा स्टँडवर जाऊन परत आलो. काय बोलायचं हे ठरत नाही म्हणून. आता एक ठरलं आहे: जे त्या दिवशी बोललो नाही ते इथे छापून झालं, पहिल्याच ओळीत. डॉक्टर वाचायला नाहीत, अमीनसाहेब नाहीत, पण तुम्ही वाचलंत.

राहिलं दुसरं. पेटी चालते. स्पंज नवे घेतले आहेत. मीठ तिथे मिळेल. हात अजून एकसारखा फिरतो. औटकीची भीती बाळगू नका अक्का, ती मला अजूनही येत नाही. निमकीवरच फिरवीन, खांदा सुटेपर्यंत.

शरणक्का, मी येईन. तेवढं खांद्याला तेल लावून बसू नका.